हार घातलेला कॅप्टन

नीलकंठ भाऊजींनी सिलतऱ्याच्या पोलाद कारखान्यात एकतीस वर्षं क्रेन चालवली. चाळीस फूट उंच केबिनमध्ये एकट्यानं बसायचं, खाली नजर, हातात दांडा. त्यामुळे शेजारच्या यामिनीनं मागच्या वर्षी गच्चीवर कूलरच्या पत्र्यांचं यान उभारून अंतराळ मोहिमेचा सिनेमा काढला, तेव्हा कॅप्टन शोधायला तिला लांब जावं लागलं नाही.

आमच्या साऱ्या ब्राह्मणपारा मोहल्ल्यानं तो सिनेमा मोबाइलवर बघितला. शेवटी यान हरवतं आणि भिंतीवर कॅप्टनचा फोटो दिसतो, त्याला झेंडूचा हार. भाऊजींच्या नागपूरच्या आतेबहिणीनं तेवढंच बघून रडत फोन केला. फोन उचलला भाऊजींनीच!

सगळे हसले, पण त्यांची बायको पद्मिनी हसली नाही. जित्या माणसाच्या फोटोला हार?

आता दुसरा भाग निघाला. त्यात कॅप्टन मेलेला नाहीच, दूरच्या ग्रहावर अडकलाय, तो परत येतो. भाऊजी आरशासमोर डायलॉग पाठ करू लागले आणि पद्मिनीनं बजावलं, "त्या पत्र्यात पाय ठेवाल तर माह्याशी बोलू नका."

सोमवारी मी वाती वळत होते, तर भाऊजी दारात.

"वहिनी, तुम्ही सांगा ना तिले."

"तुम्हाले काहून एवढी हौस?"

"रिटायर झाल्यापासून मले कोणी वर बोलावलंच नाही."

देवापुढे दिवा लावून मी त्यांच्या घरी गेले. पद्मिनी तांदूळ निवडत होती. म्हटलं, "हार तर साऱ्यांनी पाहिला. आता तू अडवलं तर माणूस घरी आलेला कोण पाहील?"

तिनं एक खडा वेचून बाजूला टाकला आणि म्हणाली, "येऊ दे. पण रीतसर. दारात मी तुकडा ओवाळीन."

यामिनीनं डोक्याला हात लावला. "काकी, स्पेसशिप में भाकरी?"

"दार आहे ना त्याले? मग उंबरठाबी आहे."

आज दुपारी गच्चीवर शूटिंग झालं. यानाचं दार करकरलं आणि मोटारीच्या चंदेरी कव्हरचा सूट घातलेले भाऊजी बाहेर आले. पद्मिनीनं तीनदा भाकरीचा तुकडा ओवाळला, पायावर पाणी घातलं. कुंकू लावायला गेली तर हेल्मेटची काच आडवी.

"काढा ते डबडं!"

हेल्मेट निघालं. आता म्हणायचं होतं, 'पृथ्वीवासीयांनो, मी परतलो आहे.' भाऊजी तिच्याकडे बघतच राहिले आणि एकतीस वर्षं ड्यूटीवरून आल्यावर विचारायचे तसंच बोलले, "चहा झाला का?"

"कट! काका, डायलॉग! एक और टेक!"

पण पद्मिनीनं तुकडा कधीच खाली भिरकावला होता, गल्लीतल्या गाईनं खाल्लाही.

"पुन्हा ओवाळायचं नसते," असं म्हणून ती चहा टाकायला जिना उतरली. हेल्मेट काखेत मारून कॅप्टन तिच्या मागोमाग.