बिनगाठीचा दोर

प्रांत कचेरीबाहेर टंकलेखन यंत्र घेऊन बसणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला मूर्खपणाचे सर्व प्रकार परिचित असतात. तथापि माझ्या मेहुण्याने सासुरवाडीच्या खाडीकाठी जो आरंभिला, तो त्या प्रकारांत बसणारा नव्हता.

वडपे गावची शेती गोदामाला भाड्याने दिल्यापासून सदर गृहस्थास काही काम उरले नव्हते. त्याने कोणाची तरी टाकून दिलेली शिडाची होडी आणली. डोलकाठी उभी धरणाऱ्या पोलादी तारा गंजल्या होत्या, त्या काढून टाकल्या, आणि त्यांच्या जागी कृत्रिम धाग्याचा, करंगळीपेक्षाही बारीक करडा दोर लावावयास घेतला. हा दोर पोलादाहून बळकट असतो, असे त्यास मोबाइलवरील चित्रफितींनी शिकविले होते. ज्या गावात घरोघरी लूम खडखडतात, तेथे धाग्याचे असे कौतुक व्हावे!

कौतुकाचे कारण माझे सासरे होते. त्यांनी तरुणपणी शिडाच्या होडीतून रेती वाहिली होती. आता त्यांची नजर जात चालली होती आणि डॉक्टरांनी हात टेकले होते. पुरता अंधार होण्याआधी एकदा शिडाखाली बसायचे, एवढाच त्यांचा हट्ट होता.

मेहुणा विणकामाच्या सुईने दोराचे टोक त्याच दोराच्या पोकळ पोटात ओवून फासे तयार करी. सासरे येऊन ते चाचपत.

"गाठ कुठं हाय?"

"गाठ न्हाय बाबा. हा दोर गुळगुळीत हाय. गाठ मारली तर निम्मा जोर जातो, वरून सरकते ती."

"काथ्याच्या दोराला आम्ही गाठी मारल्या, त्या कधी सरकल्या न्हाईत. गाठ न्हाय त्या दोराखाली मी बसणार न्हाय."

मेहुण्याने माझ्याकडे पाहिले. "भावजी, तुम्ही तरी सांगा."

"ज्या गोष्टीस गाठ नाही तिची शाश्वती नाही," मी सांगितले.

"मग तुमचा स्टॅम्प मारू का तिच्यावर?" मेहुणा म्हणाला, आणि माझी पत्नी हसली. मी दुर्लक्ष केले.

बापाच्या शब्दापुढे लेकाचे शास्त्र टिकले नाही. त्याने दोरांच्या खालच्या टोकांचे सगळे फासे उसवले आणि होडीच्या कडेवरील कड्यांना सासऱ्यांच्या पद्धतीच्या गाठी मारल्या. सासऱ्यांनी त्या बोटांनी मोजून पाहिल्या व ते प्रसन्न झाले. आधी रिकामी होडी काठाला बांधून शीड चढविले. वारा भरताच एका बाजूची गाठ साबणासारखी सरकली आणि डोलकाठी आडवी होऊन आमच्यासमोर चिखलात पडली. सासऱ्यांना दिसले नाही, आवाज मात्र आला.

"काय पडलं?"

 मेहुणा म्हणाला, "तुमची गाठ, बाबा."

मला वाटले, आता थोबाडीत बसेल. म्हाताऱ्याने सुटलेले टोक चाचपले. मग म्हणाला, "तुझं ते सुईचं कर. पण ओढून मी बघणार."

पुढचे काही दिवस मेहुणा फासे ओवीत बसला. डोलकाठी पुन्हा उभी झाल्यावर सासऱ्यांनी प्रत्येक फाशाला लोंबकळून पाहिले. घरंदाज माणसास न शोभणारे ते दृश्य होते. नंतर ते धोतर खोचून होडीत चढले. मला आग्रह झाला. प्रतिष्ठेचा माणूस दोराच्या भरवशावर खाडीत जात नसतो, असे मी बजावले.

शीड भरले. डोलकाठी करकरली, पण उभी राहिली. होडी काठापासून सुटताच सासऱ्यांनी मान वर केली, आणि काही क्षण तशीच ठेवली. नंतर त्यांचा आवाज पाण्यावरून येऊ लागला. "कुठं नेतोस गाढवा? वारा मागं हाय, शीड सोड. न्हाय जमत तर बाजूला सर, सुकाणू मला दे."

आणि त्या आंधळ्या होत चाललेल्या माणसाच्या हाती मेहुण्याने सुकाणू दिलेही. माझ्या शेजारी पत्नी पदराने डोळे पुसत होती. अशा घराण्यात मी लग्न केले आहे.