उस्तादांचे होकार

धाकट्याच्या सलूनमध्ये माणूस केस कापायला म्हणून येतो, पण खरं तर त्याला दुसरंच कोणीतरी व्हायचं असतं. खिशातून मोबाइल निघतो, मोबाइलमधून फोटो निघतो. कधी फुटबॉलवाला, कधी पडद्यावरचा मारामारीवाला. "असे पाहिजेत," एवढं सांगून गिऱ्हाईक डोळे मिटून मागे रेलतं. समोरच्या पोस्टातला कारकून तर गेली कित्येक वर्षं एकाच पहिलवानाचा फोटो दाखवतोय. पहिलवानाच्या डोक्यावर घोड्याची आयाळ आहे आणि कारकुनाच्या डोक्यावर नुसती आठवण. धाकटा फोटोकडे नीट बघतो, कारकुनाकडे नीट बघतो, आणि आहे त्या सामानात पहिलवान बसवून देतो. कारकून छाती पुढे काढून ऑफिसात जातो.

धाकटा अशा लोकांना हसत नाही. कुठल्या तोंडाने हसणार? त्याच्या आरशाच्या वरही एक फोटो आहे, त्याच्याच लग्नातला. मधे तो आणि बायको, दोघं अगदी लख्ख. बाजूला त्याचे उस्ताद, चेहरा जरासा पुसट. फोटो काढणारा अडाणी होता, ज्याचा नीट यायला हवा त्याचाच बिघडवला, असं धाकटा येईल त्या गिऱ्हाइकाला सांगतो. वय पन्नाशीच्या पुढे गेलं, गुडघे कुरकुरायला लागले, पण उस्तादांच्या दुकानात पहिल्या दिवशी चिकटलेलं धाकटा हे नाव काही सुटलं नाही. त्याला ते सुटायला नकोच आहे.

उस्तादांचं दुकान म्हणजे मोठं प्रस्थ होतं. भिंतभर आरसे, फिरत्या खुर्च्या, आणि शेवटच्या खुर्चीपाशी उस्ताद. अंगात पांढरा डगला, उंच, कमी बोलणारे. त्यांच्या कात्रीची एक खास चाल होती. केस कापला की कात्री थांबायची नाही; हवेत दोनदा रिकामीच वाजायची, टिक टिक, आणि मग पुढचा काप. पुन्हा टिक टिक. गिऱ्हाइकांना त्या आवाजाने गुंगी यायची. बाकीचे कारागीर म्हणायचे की हात बसला की असं आपोआप येतं. धाकट्याला ते आपोआप येईना, म्हणून त्याने ते मेहनत करून आणलं. जेवताना, रस्त्याने चालताना, झोपायच्या आधी उशीपाशी, सारखी त्याची कात्री रिकामी वाजत राहायची. शेवटी आईने एकदा कात्री हिसकावून पिठाच्या डब्यात लपवली. पण वर्षभरात टिक टिक बोटांत मुरली ती मुरलीच. आज लोक त्याच्याकडे त्या आवाजासाठी येतात. बायको मात्र म्हणते, "एक उस्ताद भिंतीवर, एक खुर्चीमागे. माझा नवरा कुठे उभा असतो ते एकदा दाखवा."

कात्री एक वेळ राहू द्या. धाकट्याची खरी कमाई वेगळी होती. उस्तादांनी त्याला कधी शाबास म्हटलं नाही. त्यालाच काय, कोणालाच म्हटलं नाही. पण धाकट्याने एखादं डोकं पुरं केलं आणि भीतभीत मागे वळून पाहिलं, की उस्ताद लांबून आरशात बघत असायचे आणि त्यांची मान हलायची. अगदी बारीक, वर-खाली. दुसऱ्या कोणाला दिसली नसती. धाकट्याला दिसायची आणि त्याचा दिवस सोन्याचा व्हायचा.

मग त्याला चटकच लागली. लग्नासाठी मुलगी बघून आल्यावर पहिल्यांदा तो उस्तादांकडे गेला. मुलगी तशी बरी वाटली, पण बोलते फार, करू का? उस्ताद काही बोलले नाहीत. मान हलली. लग्न झालं. स्वतःचं दुकान टाकावं का म्हणून विचारलं, तेव्हाही तेच. आधी जीव घाबरा झाला होता, पण उस्तादांचा होकार आहे म्हटल्यावर त्याने बेधडक उडी घेतली. मुलीला परगावी शिकायला पाठवायची वेळ आली तेव्हा घरात रडारड होती. धाकटा उठला, उस्तादांच्या समोर जाऊन उभा राहिला, मान हललेली बघितली आणि घरी येऊन ट्रंक भरायला घेतली. बायको, दुकान, मुलगी, सगळं त्या मानेच्या भरवशावर. आणि सगळं नीट झालं, हे विशेष.

उस्तादांचं दुकान बंद झाल्यावर भेटी कमी झाल्या. ते घराबाहेर पडत नाहीत, कोणी आलेलं त्यांना आवडत नाही, असं कानावर यायचं. धाकटा मान देणारा माणूस. नको म्हणतात तर कशाला जा, म्हणून गेला नाही. मग एक दिवस त्यांच्या बायकोचा, म्हणजे काकूंचा, निरोप आला. केस फार वाढलेत, कोणाला हात लावू देत नाहीत, तुझं नाव काढलं तर गप्प राहिले. तू येऊन बघ.

धाकट्याचे पाय जमिनीवर राहिले नाहीत. साक्षात उस्तादांचं डोकं! आजवर ते कोण कापत होतं हेही कोणाला माहीत नव्हतं. त्याने ठेवणीतली कात्री काढली, शर्टाला इस्त्री केली, दाढी दोनदा केली. बायकोने विचारलं की केस कापायला चाललात की परीक्षेला. तो म्हणाला परीक्षेलाच. त्याला एकच हवं होतं. उस्तादांच्याच डोक्यावर केलेलं काम उस्तादांनी आरशात बघावं, आणि एकदा, शेवटचं, मान हलवावी.

अरुंद जिना चढून तो वर गेला. दार उघडंच होतं. खोलीत खिडकीपाशी लाकडी खुर्ची, समोर भिंतीला दुकानातलाच एक आरसा, कोपरा उडालेला. उस्ताद पाठमोरे बसले होते. केस मानेवर आले होते, पांढरेशुभ्र. आणि त्यांची मान हलत होती.

धाकट्याला आधी आनंदच झाला. आपली चाहूल लागली आणि ओळख दिली, असं त्याला वाटलं. तो पुढे होऊन वाकला, काही बोलला. मान हलत राहिली. त्याचं बोलणं संपलं तरी हलत राहिली. काकूंनी त्याला हाताने खूण करून स्वयंपाकघरात बोलावलं.

चहाचं आधण ठेवत काकूंनी सांगितलं, तेही उकाडा फार आहे म्हणून सांगावं तसं. हा जुनाच त्रास. डॉक्टर काहीतरी लांबलचक नाव घेतात. सुरुवात हातापासून झाली, तू दुकानात यायच्याही आधी. हात चालता असला की काही नाही, थांबला की थरथरायला लागायचा. म्हणून तर कात्री थांबू द्यायचे नाहीत. रिकामी वाजवत राहायचे. गिऱ्हाइकाच्या कानाशी धार, त्याला कळलं असतं तर कोण बसलं असतं खुर्चीत?

धाकटा ऐकत होता, पण त्याचं डोकं टिक टिक यापाशीच अडकलं होतं. त्याने आपल्या बोटांकडे पाहिलं. काही क्षण त्याला ती आपली वाटेनात.

"काकू, आणि मान?" त्याने विचारलं.

"ती मागाहून सुरू झाली."

"मागाहून म्हणजे कधी?"

काकू आठवायला लागल्या. तारीख कोण लिहून ठेवतं? पण तुझ्या लग्नात होतीच, त्या म्हणाल्या. फोटोवाला सारखा सांगत होता, साहेब, हलू नका. हे बिचारे श्वास धरून उभे राहिले होते, तरी चेहरा पुसट आला तो आलाच. घरी येऊन दोन दिवस बोलले नाहीत.

धाकट्याची पार भंबेरी उडाली. लग्नाच्या आधी विचारलं तेव्हा मान हलली होती. ती कोणती? दुकानाच्या वेळची कोणती? मुलीच्या वेळची तर नक्कीच... आणि त्याआधी, अगदी सुरुवातीला, आरशात दिसायची ती? ती तरी खरी होती का? तो मनातल्या मनात एकेक होकार उचलून उजेडाकडे धरायला लागला, आणि एकही ओळखू येईना.

"मी त्यांना विचारून लग्न केलं," तो एकदम म्हणाला. "दुकान काढलं. पोरीला पाठवलं. ते हो म्हणायचे. बोलायचे नाहीत, पण मान हलवायचे. मी तेवढ्यावर सगळं केलं, काकू."

काकूंना आधी हसू फुटलं. पदर तोंडाशी नेईपर्यंत त्यांचं लक्ष त्याच्या चेहऱ्याकडे गेलं आणि हसू तिथेच राहिलं. त्यांनी गॅस बारीक केला. असेलही रे एखादा खरा, त्या म्हणाल्या. स्वयंपाकघर आणि खोली यांच्यामध्ये नुसती फळ्यांची भिंत होती, हे दोघांच्याही ध्यानात राहिलं नाही.

चहा तसाच ठेवून धाकटा कामाला लागला. गळ्याभोवती कापड बांधलं, फवाऱ्याने केस ओले केले, कंगवा लावला. उस्तादांचं डोकं हातात आलं तेव्हा त्याला जाणवलं की ते फार हलकं आहे. त्याने पहिली बट उचलली, कापली, आणि बोटांनी आपली सवय केली. टिक टिक.

"ते कशाला?" उस्ताद म्हणाले. आवाज बारीक झाला होता, पण धार तीच.

"काय, उस्ताद?"

"वाजवतोस कशाला? तुझा हात तर चांगला आहे."

धाकट्याला तोंडात मारल्यासारखं झालं. शरम वाटली, रागही आला, आणि राग कोणावर ते कळेना. ज्या आवाजासाठी लोक आपल्याकडे येतात, तो एका आजारी माणसाने आजार लपवायला काढलेला होता, आणि आपण धडधाकट हाताने जन्मभर तो आजार गिरवला. हे उस्तादांनी तेव्हाच का सांगितलं नाही? सांगितलं असतं तर सगळ्यांना कळलं असतं, हे खरं. मग आपल्याला गिरवताना बघून त्यांना काय वाटत असेल? चीड? की बरं? एकट्याचीच कात्री वाजत नाही, असं?

त्याने आवाज बंद करून कापायचा प्रयत्न केला. एक काप झाला की हात हवेत थांबायचा आणि पुढे कुठे जायचं ते विसरायचा. पहिल्या महिन्यात व्हायचं तसं. त्यातून डोकं सारखं हलत होतं. कानामागे दोनदा चुकलं. एक बाजू बारीक झाली, म्हणून दुसरी बारीक केली, तर ती पहिलीपेक्षा बारीक झाली. खोलीत इतकं शांत होतं की केस कापडावर पडल्याचं ऐकू यावं. मग हळूहळू हाताला वाट सापडत गेली. थांबत, बघत, पुन्हा थांबत त्याने काम पुरं केलं. मानेवर पावडर लावली, ब्रशने झटकलं. डोकं उस्तादांच्या दुकानातलं वाटत नव्हतं. त्याच्या स्वतःच्या दुकानातलंही वाटत नव्हतं.

मागचं दिसावं म्हणून त्याने हातातला छोटा आरसा धरला आणि समोरच्या आरशात पाहिलं. उस्ताद स्वतःकडे बघत होते. त्यांची मान हलत होती, वर-खाली, बारीक. तीच. अगदी तीच. ज्याच्यासाठी शर्टाला इस्त्री करून आलो ते समोर आहे, आणि ते आपल्याला मिळालंय की नाही हे सांगता येत नाही, या विचाराने त्याला रडूच यायला लागलं.

त्याने छोटा आरसा खिडकीत ठेवला. मग कारागीर हलत्या गिऱ्हाइकाचं डोकं धरतो तसे दोन्ही तळहात उस्तादांच्या कानांवरून वर नेले आणि डोकं घट्ट धरलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याने उस्तादांना जागच्या जागी धरलं होतं. मान थांबली. आरशात चेहरा स्थिर झाला, लख्ख, एक रेघ पुसट नाही.

"आता सांगा," तो म्हणाला. "बरं झालंय का?"

उस्ताद आरशातून त्याच्याकडे बघत राहिले. तळहातांत काहीच हललं नाही. ना होकार, ना नकार. काकू दारात येऊन उभ्या होत्या.

"सोड," उस्ताद म्हणाले.

त्याने हात काढले. मान पुन्हा हलायला लागली. तशी ती हलती ठेवूनच उस्तादांनी डोळे त्याच्यावर रोखले, आणि कापडाखाली त्यांचं पोट हसण्याने हललं.

"घे," ते म्हणाले. "हवे तेवढे घे."