समान वाटणी

टेबलावरच्या डब्यात दोन हार्ड डिस्क शेजारी शेजारी बसवल्या आहेत. आईचे व्हिडिओ कॉपी होताना त्यांचे हिरवे दिवे आळीपाळीने लुकलुकताहेत. एक घास हिला, एक घास तिला. या जोडणीत कुठलीच फाइल एका डिस्कवर अख्खी राहत नाही. तिचे तुकडे होतात, एक इकडे, पुढचा तिकडे. दोन्ही डिस्क एकत्र लावल्या, तरच आई हसताना दिसेल.

"एक गेली तर सगळं जाईल," असं कॉम्प्युटरने बजावलं. मी खुशाल 'हो' दाबलं.

आई गेल्यावर दादाने सगळ्याची समान वाटणी केली. तिच्या मोत्यांच्या कुड्यांचीसुद्धा. "एक तुला, एक तुझ्या वहिनीला. उगाच तक्रार नको," म्हणाला. जोड फोडताना त्याचा हात जरासुद्धा अडखळला नाही. मी एका कानात कुडी घालून आरशापुढे उभी राहिले होते. काही गोष्टी निम्म्या केल्या की निम्म्यासुद्धा उरत नाहीत, हे त्याला सांगून कळलं नसतं.

काल त्याचा फोन आला. "व्हिडिओ दोन डिस्कवर ठेवते आहेस ना? मग एक माझी."

"घेऊन जा की," मी म्हणाले.

कॉपी संपली की बाकीच्या सगळ्या प्रती मी पुसून टाकणार आहे. माझ्याकडची डिस्कही मुकीच राहणार, ठाऊक आहे. दादा घरी जाऊन त्याची लावेल आणि चिडून फोन करेल, "अगं, ही तर कोरी आहे!"

"कोरी कशी असेल, दादा?" मी म्हणेन. "निम्मी आई आहे त्यात."