लॅपटॉपची नाडी पाहणारे व्याही

व्याही कसा मिळावा हे कुणाच्याच हातात नसतं, हे मला मान्य आहे. पण माझ्या वाट्याला जे व्याही आले त्यांच्यासारखा दुसरा नमुना अख्ख्या मराठवाड्यात कुणी दाखवला, तर गुलमंडीतलं माझं कापडाचं दुकान मी त्याच दिवशी बंद करीन आणि फर्दापूरला जाऊन लेणी बघायला येणाऱ्यांना टोप्या विकीन. बाकीच्यांचे व्याही मानपानावरून रुसतात, पंगतीत जिलबी गार होती म्हणून वर्षभर ऐकवतात, आहेराच्या साड्या उलट्यासुलट्या करून पाहतात. हे सगळं मला चाललं असतं. कापडवाला माणूस, साड्यांच्या बाबतीत तर मी कुणाला हार गेलो नसतो. आमच्या व्याह्यांनी मात्र पहिल्या भेटीपासून असे काही धक्के दिले की पुढे पुढे एखादी भेट धक्क्याविना पार पडली, तर मला घरी आल्यावर चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

पेशानं ते जनावरांचे सरकारी डॉक्टर. नोकरी सगळी खुलताबाद, फुलंब्री, सोयगाव या बाजूला झालेली. अंगानं काटकुळे, पण आवाज उधळलेल्या बैलाला जागच्या जागी थांबवील असा. त्यांचा नाद कसला, तर लॅपटॉपचा. म्हणजे लॅपटॉपवर काही करायचा नव्हे, खुद्द लॅपटॉपलाच बरं करायचा! विंडोजच्या जागी ते लिनक्स वापरत. विंडोज म्हणजे सावकाराचं कुंपण घातलेलं रान आणि लिनक्स म्हणजे गायरान, असं त्यांचं मत. कुणीही यावं, चारावं, पण राखायचंही आपणच. या लिनक्सच्या तळाशी कर्नल नावाचा एक कारभारी असतो म्हणे. प्रत्येक कंपनीच्या लॅपटॉपचा पंखा निराळा, उजेड कमीजास्त करायची बटणं निराळी, झाकण मिटल्यावर झोपायची तऱ्हा निराळी. कारभाऱ्याला हे सगळं समजावून सांगणारा जो मधला प्रोग्राम, तो ड्रायव्हर. कंपनीनं तो दिला नसेल तर कुणीतरी खटपट करून बसवावा लागतो. मी विचारलं नसताना त्यांनी मला हे समजावलं होतं. "ड्रायव्हर म्हणजे गुराखी वो," ते म्हणाले. "मालकाला काय कळतं गायीचं? गुराख्याला ठाव असतं, ही कान हलवायली म्हणजे हिला पाणी पाहिजे. मुकं जनावर हाय बिचारं. कुठं दुखायलंय ते सांगत नाय."

कुणाच्याही घरी गेले की त्यांचा तळवा आधी तिथल्या लॅपटॉपच्या पोटाखाली जायचा. "ताप हाय हिला," असं म्हणून ते पंख्याचा आवाज ऐकायला स्टेथोस्कोप काढायचे. तो म्हशींचाच. खुलताबादला एका म्हशीच्या मालकानं त्यांना दवाखान्यात लॅपटॉपच्या पोटाला कान लावून बसलेलं पाहिलं आणि हात जोडले, "डॉक्टरसाब, पहले मेरी भैंस देखो जी, उस डब्बे का बादमें देखना!" डॉक्टरांनी म्हैस पाहिली, मात्र पाहता पाहता मालकाला सांगितलं की म्हशीचं पोट फुगलंय ते बरं होईल, लॅपटॉपची बॅटरी फुगली असती तर इलाज नव्हता. याहून मोठा कहर त्यांनी एका तेराव्याला केला. गेलेले गृहस्थ त्यांचे दोस्त, त्यांचा लॅपटॉप कोपऱ्यात ठेवलेला. लॅपटॉपचं झाकण मिटलं की तो झोपतो, आणि काही लॅपटॉप एकदा झोपले की पुन्हा उठत नाहीत. हा रोग आमच्या व्याह्यांच्या लेखी फार गंभीर. त्यांनी भरल्या पंगतीत त्या दोस्ताच्या बायकोला विचारलं, "वहिनी, झोपल्यावर उठायला तरास व्हायचा का वो?" वहिनींनी जो हंबरडा फोडला, तो ऐकून आचारीसुद्धा भट्टी सोडून बाहेर आला.

हा नाद त्यांना लागला तो दुष्काळात. पाऊस सलग दगा देत होता आणि त्यांची नेमणूक चारा छावणीवर होती. छावणीतल्या जनावरांची नोंद करायला सरकारनं एक लॅपटॉप दिलेला; तो त्या उन्हात तापायचा आणि मधेच बंद पडायचा. मग डॉक्टर गोणपाट भिजवून त्यावर त्याला बसवत. एक दिवस एका म्हातारीनं ते बघितलं. टँकरची वाट पाहत तिची गाय जीभ बाहेर काढून उभी होती. म्हातारी म्हणाली, "डॉक्टर, माज्या गायीला घोटभर पाणी नाय, अन् तुमी त्या पेटीला न्हाऊ घालायलेत व्हय?" हे मला सांगताना डॉक्टरांचा तो दणदणीत आवाज अगदी खाली आला होता. त्या दिवसापासून त्यांनी गोणपाट बंद केलं आणि पंखा वेळेवर फिरवायचा कसा, हे मुळापासून शिकायला घेतलं. जनावरं तपासून झाली की लिंबाखाली बसून हा माणूस कर्नलचा मजकूर वाचायचा. अशा माणसाच्या घरी माझी एकुलती एक मुलगी द्यायची वेळ येईल, असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला उठवून लावलं असतं.

पण ती वेळ आली. सायलीनं त्यांच्या मुलाला पसंत केलं होतं, मुलगा खरोखर गुणी होता, आणि बैठकीचा दिवस ठरला. बैठक म्हणजे लग्नाची बोलणी. आमच्याकडे त्या दिवशी मुलाच्या बापानं लोडाला टेकून बसायचं, कमी बोलायचं आणि मुलीच्या बापानं घाम पुसत हो हो म्हणायचं, असा रिवाज आहे. मी हो म्हणायला तयार होतो, पण माझा जीव वेगळ्याच गोष्टीनं टांगणीला लागला होता. मुलीच्या नावातून आपलं नाव कायमचं पुसलं जाणार, तिचं स्वतःचं नाव बदलेल, घर बदलेल, आणि हे सगळं या विक्षिप्त माणसाच्या हवाली करायचं! सायलीची आई मला समजावून थकली होती. बायपासच्या पलीकडे आम्ही नवीन घर बांधलं होतं. तिथं रोज नव्या इमारती वर चढत होत्या आणि पाणी मात्र टँकरनंच यायचं; पाहुण्यांना हातपाय धुण्यासाठी मी खास एक टँकर मागवला होता. डॉक्टर आले, त्यांनी पाय धुतले, लोडाकडे ढुंकूनही पाहिलं नाही, आणि सायलीच्या टेबलावरच्या लॅपटॉपच्या पोटाखाली हात घातला.

त्या लॅपटॉपमधे सायलीचा प्रबंध होता. खुलताबाद तालुक्यातल्या विहिरींची पाणीपातळी या विषयावर ती कित्येक उन्हाळे वणवण फिरली होती, आणि सादर करायची तारीख तोंडावर आलेली. लिनक्स तिनं विद्यापीठातून घालून घेतलं होतं. "पोरी, अंग तापायलंय हिचं," डॉक्टर म्हणाले. "अन् उजेडाची बटणं चालायलीत का?" बटणं चालत नव्हती. मी डोळ्यांनी सायलीला नाही म्हण, नाही म्हण, असं खुणावत होतो. पण मुलाच्या बापाला नाही म्हणायची आपल्यात पद्धतच नाही. शेवटी मीच हसून म्हणालो, "बघा ना, बघा!" आमची थोरली बहीण, जिला सगळे अक्का म्हणतात, तिनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी पोह्यांच्या ताटलीआड तोंड लपवलं. डॉक्टरांनी काहीबाही लिहिलं, लॅपटॉप बंद करून चालू केला, आणि पडदा काळाकुट्ट झाला.

"कॉपी आहे ना गं?" मी सायलीला विचारलं. ती पांढरीफटक. कॉपी पेनड्राइव्हवर होती, आणि पेनड्राइव्ह पातळी मोजताना विहिरीत पडलेला. त्या उन्हाळ्यात तालुक्यातल्या विहिरी ठणठणीत कोरड्या होत्या. ज्या एकीला पाणी होतं, नेमका तिच्यातच तो पडला होता! मनातल्या मनात मी हे लग्न त्याच क्षणी मोडलं. पहिल्याच भेटीत पोरीची कित्येक वर्षांची मेहनत काळोखात घालणारा माणूस, पुढं तिच्या आयुष्याचं काय करील?

डॉक्टर मात्र ओरडले, "खिडक्या लावा! टॉर्च आणा!" भर दुपारी, मे महिन्यात, दोन्हीकडची सगळी माणसं दारंखिडक्या लावून अंधारात बसली. विहीणबाईंना याची सवय असावी. त्यांनी पदरानं वारा घेत शांतपणे लाडू खाल्ला. डॉक्टरांनी टॉर्च पडद्यावर तिरका धरला, आणि त्या काळ्या पडद्यात आतून फिकट अक्षरं दिसली. सायलीचा प्रबंध! जसाच्या तसा. "आंधळी नाय झाली," डॉक्टर म्हणाले, "पाठीमागचा दिवा तेवढा विझलाय. मी चुकीच्या ड्रायव्हरला कामाला लावलं. दिव्याची दोरी दुसऱ्याच्या हातात व्हती." अक्का अंधारातून म्हणाली, "डॉक्टर, लग्नाची बोलणी करायला आलात का भुतं काढायला?"

आणि मग त्यांनी मला आयुष्यातला सगळ्यात मोठा धक्का दिला. खिडक्या उघडल्या, सगळ्यांचे डोळे दिपलेले, आणि मुलाचा बाप, ज्यानं लोडाला टेकून बसायचं तो माणूस, माझ्या मुलीसमोर उभा राहिला आणि त्यानं हात जोडले. "पोरी, तुला न विचारता हात लावला मी. चूक माझी. तुझं सगळं जागेवर हाय, अन् हिला बरं केल्याबगर मी दुसरं काय बोलणार नाय." कापडाच्या धंद्यात मी शेकडो लग्नांचे बस्ते बांधले. वरपित्यानं माफी मागितल्याचं कधी पाहिलं नव्हतं, तीही सुनेची, तीही सून व्हायच्या आधी. अक्कानं तोंडाला पदर लावला. मनात मोडलेलं लग्न माझ्या मनात तिथंच पुन्हा जुळलं. देणंघेणं, मानपान, याद्या, यातलं काहीही त्या दिवशी झालं नाही आणि पुढंही झालं नाही.

त्यानंतर ते रोज आमच्याकडे यायला लागले. मुलाचा बाप मुलीकडे रोज हेलपाटे घालतोय, हे बघून कॉलनीतले लोक समजले की मुलात काहीतरी खोट असणार. सायली आणि ते डोक्याला डोकं लावून बसत. ती बटण दाबायची, ते ओळी बदलायचे, झाकण मिटायचं, उघडायचं, "उठली, उठली!" असा गलका व्हायचा. तिचा लॅपटॉप इतक्या आडबाजूच्या मॉडेलचा होता की कर्नलमधल्या ड्रायव्हरला त्याची ओळखच नव्हती. डॉक्टरांनी ती करून द्यायला चारच ओळी लिहिल्या आणि कर्नल सांभाळणाऱ्या परदेशातल्या मंडळींकडे पाठवल्या. मधे एकदा दुकानात फोन आला, "तुमचं नाव इंग्रजीत कसं लिहिता वो?" पत्रिकेसाठी असेल, असं समजून मी सांगितलं. सायलीचा प्रबंध वेळेत सादर झाला.

लग्नात तांदळाचं ताट आलं. नवऱ्यामुलानं अंगठीनं तांदळात नव्या सुनेचं नवं नाव लिहायचं, हा विधी आता कार्यालयातच उरकतात. मी एका खांबाआड उभा होतो. त्यांच्या घरातल्या कुणी आत्याबाईंनी नाव सुचवायला सुरुवात केली, तोच डॉक्टर गरजले, "थांबा! नाव बदलायचं नाय!"

सगळे चाट पडले. "का?" आत्याबाई म्हणाल्या.

"तिचं पुरं नाव कर्नलमधे गेलंय. माझ्या बदलाखाली, तपासणारीचं नाव म्हणून. तिथला रिवाज हाय तसा. तिचं, तिच्या बापाचं, आडनाव. जगभर गेलंय, आता काय केल्या मागं घेता येत नाय. अन् मी आता सगळ्या दुनियेला काय सांगू, की पोरगी बदलली म्हणून?"

त्यांच्यापुढे कुणाचं काय चालणार? जावयानं हसत तांदळात सायली असंच लिहिलं. खांबाआड मला रडू फुटलं आणि ते मला लपवता आलं नाही.

शेवटचा धक्काही व्याह्यांनीच दिला. गेल्या उन्हाळ्यात, दुपारच्या झोपेत, कुणाला काही न सांगता ते गेले. सायली आता पुण्याला असते, तिच्या नावात अजून माझं नाव आहे. परवा ती आली तेव्हा मोबाइलवर मला काहीतरी दाखवत होती. तिच्या त्या जुन्या लॅपटॉपचा ड्रायव्हर कर्नलच्या पुढच्या आवृत्तीतून काढून टाकणार आहेत म्हणे. ते मॉडेल वापरणारं जगात कुणी उरलं नाही.

"मग गं?" मी विचारलं. "त्यांनी लिहिलेलं सगळं गेलं?"

"ओळी जातील, आप्पा. पण कुणी काय केलं होतं याचा इतिहास ते पुसत नाहीत. तो राहतो."

तिनं ते पान मोठं करून माझ्यापुढे धरलं. मला इंग्रजी बेताचंच येतं, पण नावं वाचता येतात. वर व्याह्यांचं नाव होतं. खाली माझ्या मुलीचं, आणि तिच्या नावाला लागून माझं. या माणसानं माझी मुलगी नेली आणि मला तिच्या शेजारीच ठेवून गेला. तिनं मोबाइल खाली घेतला तेव्हा मी तिला म्हणालो, "थांब, अजून एकदा दाखव."