मिरचीची नळी आणि नळवाले आजोबा

चाळीस वर्षांत ज्यांच्यापुढे एकही तुंबलेला पाइप टिकला नाही, त्या नळवाल्या आजोबांना एका बाहुलीनं नापास केलं.

बाहुली इस्पितळातली, रबराची. तिच्या छातीतून एक बारीक नळी बाहेर आलेली. तशीच नळी आजोबांच्या सहा वर्षांच्या नातीला होती. जन्मतःच तिच्या आतड्याला पीळ पडला आणि बहुतेक आतडं कापावं लागलं. उरलेल्याला पोटभर अन्न पचेना, म्हणून तिचं निम्मंअधिक जेवण त्या नळीतून थेट हृदयाजवळच्या शिरेत जायचं. जीभ मात्र शाबूत होती, आणि तिखट. म्हणून सगळे तिला मिरची म्हणत.

नळी दोनदा तुंबली होती. दोन्ही वेळा ऑपरेशन करून नवी घातली. अशा नळीजोग्या शिरा अंगात मोजक्याच. त्यामुळे सिस्टरांचा नियम कडक: घरातली दोन माणसं नळी धुवायच्या परीक्षेत पास झाल्याशिवाय पोरीला घरी सोडायचं नाही. सून एका फटक्यात पास झाली. मुलगा बोटीवर नोकरीला. उरले आजोबा.

"पाइप धुवायचं मला शिकवणार?" ते सुनेला म्हणाले.

"बाबा, तिथं असलं काही बोलू नका."

बोललेच.

सिस्टरांनी छोटी आणि मोठी, दोन सिरिंज पुढे ठेवल्या. "कुठली घ्याल?"

"मोठी. बारीक दट्ट्याचा दाब जास्त. नळी फाटेल."

सिस्टर खूश. आजोबांच्या मिशा वर. पुढचंही चोख. नळीचं तोंड घासून पुसलं, सुकू दिलं. सलाइन थोडं ढकललं, थांबले, पुन्हा थोडं. म्हणजे पाणी घुसळतं आणि आतला चिकटा सुटतो. शेवटी पाणी जात असतानाच चिमटा लावला, नाहीतर रक्त मागे येऊन टोकाशी गोठतं.

मग सिस्टरांनी बाहुलीची नळी मुद्दाम आतून बुजवली. पाणी जाईना. आजोबांनी दट्ट्यावर तळवा टेकवला, दात आवळले आणि अंगातला सगळा जोर लावला. फट्! पाणी सिस्टरांच्या चष्म्यावर.

"मोकळी झाली," आजोबा म्हणाले.

"फाटली," सिस्टर चष्मा पुसत म्हणाल्या. "अडलं की थांबायचं. चिमटा उघडा आहे का, नळी कुठं वाकली का, बघायचं. तरी नाही गेलं तर आम्हाला फोन."

"हातातलं काम टाकून फोन?"

"हो."

आजोबांना हा शुद्ध कामचुकारपणा वाटला. पण मिरचीनं सगळं पाहिलं होतं. "मला घरी जायचंय," ती आईला म्हणाली, "पण आजोबांनी हात नाही लावायचा." आठवडाभर आजोबा रोज येऊन बाहुलीपुढे बसले.

फेरपरीक्षेला खरी नळी, खरी मिरची. सिस्टर शेजारी उभ्या. थंडी वाजते म्हणून मिरचीनं हात झग्यात घेतलेले. आजोबांनी थोडं ढकललं, थांबले. पुन्हा ढकललं, थांबले. तिसऱ्यांदा दट्ट्या अडला.

तळवा सवयीनं वर आला. आजोबांनी त्याच्याकडे पाहिलं आणि दुसऱ्याच्या वस्तूला हात लागावा तसा तो मागे घेतला. चिमटा पाहिला. उघडा होता. मग कुठं वाकलीय का म्हणून ते नळीवरून नजर नेत झग्यापर्यंत आले. झगा उचलला. आत मिरचीची दोन बोटं, नळी घट्ट दाबून धरलेली.

"सोड, कार्टे!"

"फोडता का ते बघत होते."

सिस्टरांनी मिरचीला असं झापलं की शेजारच्या खाटेवरचं पोर उगाचच रडायला लागलं. मग त्यांनी नळी नीट तपासली, उरलेलं सलाइन आजोबांकडूनच घालून घेतलं आणि कागदावर सही केली.

आजोबा घाम पुसत स्टुलावर बसले. "एवढं काम जन्मात केलं नव्हतं."

"पण तुम्ही तर काहीच केलं नाही," मिरची म्हणाली.

"तेच तर. चल, चपला शोध."