मुखपृष्ठावरचा हात

मुर्रीच्या तेजराम बिसेनची मुलगी ओमेश्वरी गोंदियाच्या बाजारात डीटीपीच्या दुकानात काम करते. लग्नपत्रिका, तेरवीच्या पत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स. फोटोतला माणूस कापून काढण्यात तिचा हात धरणारं कोणी नाही, असं दुकानाचे मालक उमेंद्रभाऊ गिऱ्हाइकांना सांगतात. वरातीच्या गर्दीतून मेलेला आजोबा केसासकट सुटा करून द्यायचा म्हटलं, की काम तिच्याकडेच येतं.

तेजराम आधी राइस मिलमध्ये होता. तिथल्या पट्ट्यात त्याच्या उजव्या हाताचं अंगठ्याजवळचं बोट अर्धं गेलं, आणि वर्षभरात मिलवाल्यांनी त्यालाही घरी बसवलं. पुढं गावाबाहेर एका ट्रस्टनं जखमी कुत्र्यांचा निवारा काढला, तिथं तो लागला. सकाळी मोठ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, तांदळाची कणी शिजवायची, पिंजरे धुवायचे, जखमांतले किडे काढायचे. लाली नावाची कुत्री रेल्वे लाइनीवरून आणली तेव्हा तिचा मागचा एक पाय गेलेला होता. ती कोणाच्या हातचं खाईना. नऊ दिवस तेजराम भिंतीला टेकून बसला आणि तिचं डोकं मांडीवर घेऊन तळहातानं कणी भरवत राहिला. दहाव्या दिवशी ती आपण होऊन भांड्याकडं गेली.

त्याच सुमारास ट्रस्टचे सचिव इंद्रकुमारजी दुकानात आले. देणगीदारांना पाठवायला दर तीन महिन्यांनी आठ पानांची पत्रिका काढायची होती. नाव ठरलं होतं, ‘सोबत’. त्यांनी ओमेश्वरीला गाव विचारलं, मग विचारलं, “पिताजी क्या करते हैं?”

“शेती,” ती म्हणाली. दीड एकर धान होतं खरं, पण ते ठेक्यानं दिलेलं होतं.

फोटो काढायला रविवारी निवाऱ्यावर जायचं ठरलं. आदल्या दिवशी जेवताना तिनं विषय काढला. “बाबा, तिथं मले ओळख देऊ नका.”

“काऊन?”

“कामाचं होय ना. बरं नाही दिसत.”

तेजरामनं भातात वरण कालवलं. “बरं,” म्हणाला.

रविवारी त्यानं शब्द पाळला. लेकीला म्हणाला, “मॅडम, इकडून घ्या फोटो, इकडं उजेड आहे.” तिचे कान तापले, पण तिनं तिकडूनच फोटो घेतला. भिंतीला टेकलेला तेजराम, अंगात भोकाचं बनियन, मांडीवर लालीचं डोकं आणि तिच्या हनुवटीखाली त्याचा हात. लालीचे डोळे अर्धवट मिटलेले. इतका चांगला फोटो तिनं आजवर काढला नव्हता. तिनं तोच मुखपृष्ठावर घेतला.

दुकानात ती पान लावत असताना इंद्रकुमारजी तिच्या मागं उभे राहून पाहत होते. “फोटो एक नंबर. पर इस आदमी को हटाओ. फटा बनियान देखकर कौन डोनेशन देगा? यहां प्रेमिला मॅडम को बिठाओ.”

प्रेमिलाताई ट्रस्टच्या अध्यक्षा. वाढदिवसाला निवाऱ्यावर आल्या होत्या तेव्हाचा त्यांचा खुर्चीवर बसलेला फोटो इंद्रकुमारजींनी पेनड्राइव्हमध्ये आणला होता.

“पण सर, कुत्री ह्यांनीच जगवली.”

“तो पगार किस बात का लेता है?”

ओमेश्वरीनं दुपारभर बाप कापला. आधी डोकं, मग खांदे, मग मांडी. मांडीच्या जागी साडीचा घोळ आला. हात मात्र निघेना. बोटं लालीच्या केसांत इतकी रुतली होती, की हात काढला तर कुत्रीची हनुवटीच जात होती.

“हात रहने दो,” सचिव म्हणाले. “गोरा कर दो थोडा. कंगन डाल दो.”

तिनं हात उजळ केला. नखांतली घाण पुसली. लग्नपत्रिकेच्या फायलीतून दोन बांगड्या उचलून मनगटात घातल्या. शेवटी अर्धं बोट उरलं. तेही तिनं बाजूच्या बोटावरून घेऊन पूर्ण केलं.

अंक छापून आला. निवाऱ्यावर गठ्ठा पडला होता, त्यातला एक तेजराम घरी घेऊन आला. ओमेश्वरीची आई सुंदरबाई म्हणाली, “कोन होय वो ही बाई?” तेजरामनं आपला उजवा हात कागदाजवळ धरला. अंगठ्याच्या मुळाशी त्याला जुना भाजल्याचा वण होता. तो फोटोतही होता. ओमेश्वरीच्या नजरेतून सुटला होता.

“बोट मात्र पुरं करून देलंस,” तो म्हणाला.

“त्यांनी सांगितलं होतं, बाबा.”

“त्यांले मालूम होतं का, मी तुजा बाप होय म्हनून?”

ती ताटं मांडायला लागली.

“तू सांगितलं नाही?”

“नाही.”

“मंग त्यांची काय चूक?” त्यानं अंक सुंदरबाईकडं दिला आणि हात धुवायला उठला.

अंक गाजला. मुखपृष्ठ पाहून रायपूरच्या एका कुटुंबानं लालीला दत्तक मागितलं. न्यायला आले त्या दिवशी प्रेमिलाताईंनी साखळी त्यांच्या हातात दिली, आणि ओमेश्वरीनं फोटो काढले. लाली गाडीत चढेना. मागं वळून रडत होती. तेजराम मागच्या बाजूला गंज घासत होता. तो आला नाही.

दुसऱ्या अंकात ओमेश्वरीनं शेवटच्या पानावर कामगारांची नावं टाकली. सहाच नावं, बारीक अक्षरात. इंद्रकुमारजींनी त्यावर पेनानं काट मारली. तिथं एका सराफाची जाहिरात जायची होती.

“सर, त्यात तेजराम बिसेन आहेत ना,” तिनं सांगितलं, “ते माझे वडील होत.”

त्यांनी चष्मा काढून तिच्याकडं पाहिलं. मग मोकळेपणानं हसले. “अरे, पहले बताना था ना! अच्छा हुआ. उनको बोलो, पिंजरे जरा ठीक से धोया करें. मॅडम को बदबू आती है.”

हा निरोप तिनं घरी दिला नाही. सराफाची जाहिरात बसवली, पानं छपाईला पाठवली, आणि उमेंद्रभाऊंनी पुढं केलेली तेरवीची पत्रिका करायला घेतली.