अक्कांचा गुहिरा

अक्का चुलीत घालण्याआधी प्रत्येक लाकूड जमिनीवर तीनदा आपटून घ्यायच्या. आत एखादी मुंगी असली तर तिला बाहेर पडायला वेळ मिळावा म्हणून. घाई कितीही असो, तीन म्हणजे तीन. गेल्या वर्षी अक्का गेल्याचं कळलं, तेव्हा मला आधी तोच आवाज आठवला.

चौऱ्याहत्तर साली मी मेढ्याहून सांगलीला आलो आणि अक्कांच्या धान्याच्या दुकानामागची खोली भाड्याने घेतली. कुपवाडच्या एका वर्कशॉपमध्ये सकाळच्या पाळीला लेथवर काम, संध्याकाळी कामगारांसाठी पत्रकं. माझे वडील पत्रकं लिहीत. मी अक्षरं शिकलो तीही त्यांवरच. प्रत्येक प्रश्नाला एकच बरोबर बाजू असते आणि ती मला ठाऊक असते, अशी माझी पक्की समजूत होती. अक्का जैन, विधवा, दिवस मावळायच्या आत जेवणाऱ्या. मला त्या ‘पुढारी’ म्हणत. “काय पुढारी, आज कुणाला पाडलं?”

एकदा ऊसतोड चालू असताना त्या आपल्या शेतावरून आल्या त्या पदरात काहीतरी गुंडाळून. गुहिरा होता. रंग बदलणारा, शेपटीने फांदी धरून राहणारा संथ सरडा. तो विषारी असतो असं आमच्याकडे मानतात. तोडकऱ्यांनी काठी घातली होती. पुढचा एक पाय सुजला होता. “पाय बरा झाला की सोडायचा,” अक्का म्हणाल्या आणि त्याला परसातल्या डाळिंबावर ठेवलं. मांजर येऊ नये म्हणून झुडपाभोवती जुनी मच्छरदाणी बांधली.

माणूस दिसला की तो काळा पडायचा, तोंड वासून फुसफुसायचा. अक्का रोज दुपारी दुकान बंद करून मच्छरदाणी वर करत आणि पाट टाकून त्याच्यापाशी बसत. हात गुडघ्यावर, तोंड बंद. “भ्यालेल्याकडं टक लावून बघायचं न्हाई. नुसतं जवळ असायचं,” त्या म्हणत. चौथ्या दिवशी तो त्यांच्या बोटावरून ओघळणारं पाणी प्यायला.

पण खाईना. भिजवलेले हरभरे, पेरूच्या फोडी, गुळाचं पाणी, अक्कांनी सगळं करून पाहिलं. त्याचे डोळे खोल गेले. “अक्का, त्याला जिवंत किडा लागतो,” मी सांगितलं. त्या पेरूची आणखी एक फोड करू लागल्या. शेवटी मीच एक नाकतोडा धरून आणला आणि त्याच्या तोंडाशी नेला. गुहिरा कोळशासारखा काळा पडला आणि फांदीवरून खाली कोसळला.

“त्याला भाषण देतोस व्हय रं!” अक्का ओरडल्या.

“मग तुम्ही द्या. तुमच्या हातून खाईल तो. एक नाकतोडा धरायचा, बस्स.”

“न्हाई जमायचं मला.”

“म्हणजे तुमच्या तत्त्वापायी त्याला उपाशी मारणार?”

वाक्य छापण्याजोगं होतं. अक्कांनी खाली पडलेला गुहिरा उचलून फांदीवर ठेवला.

“धरला तरी पाप, न धरला तरी पाप. मला काय समजंना झालंय. तुला समजतंय का? खरं सांग.”

मला समजत नव्हतं. ज्या हातावर त्याचा विश्वास, तो हात देणार नव्हता. आणि जो द्यायला तयार, त्या हाताला तो भीत होता.

तोड अक्कांनीच काढली. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला आपल्या पाटावर बसवलं, अंगावर स्वतःचं रोजचं लुगडं टाकलं आणि बजावलं, “तोंड उघडायचं न्हाई.” त्या शेजारी बसत आणि रोज वीतभर लांब सरकत. वर्कशॉपमधला एक दोस्त आला, मला बघून म्हणाला, “काय गड्या, लगीन ठरलं का तुझं?” त्यालाही मी उत्तर दिलं नाही. इतका वेळ गप्प बसणं मला जन्मात कधी जमलं नव्हतं.

पाचव्या दिवशी मी नाकतोडा चिमटीत धरून बसलो. अक्का भिंतीकडे तोंड करून पुटपुटत होत्या. गुहिऱ्याचा एक डोळा माझ्याकडे वळला, मग दुसरा. तो काळा पडला नाही. चिमटीला एक हलकासा हिसका बसला आणि चिमूट रिकामी झाली.

“खाल्लं?” अक्कांनी न वळता विचारलं.

“खाल्लं.”

अक्का वळल्या. हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. मग म्हणाल्या, “तो जाईस्तवर माझा गूळ बंद.”

“त्यानं नाकतोडा जिवंत होणार नाही, अक्का.”

“न्हाई व्हायचा. पन मला इसर पडाय नको.”

मी वाद घातला नाही. पत्रकं मी आजही लिहितो, कडक लिहितो. पण समोरचा माणूस गप्प झाला म्हणजे आपण जिंकलो, असं त्या दिवसापासून मला वाटत नाही.

महिन्याभराने पाय बरा झाला. आम्ही त्याला शेताच्या बांधावरच्या घाणेरीत सोडलं. तो एकेक पाऊल तोलत आत गेला, हिरवा झाला आणि डोळ्यांदेखत दिसेनासा झाला. मी वाकून वाकून पाहत राहिलो.

“दिसत न्हाई न्हवं?” अक्कांनी मोठा सुस्कारा सोडला. “लय बरं झालं. आता कुनालाच दिसायचा न्हाई.”